मेला म्हणायचं, गेला नाही

रोह्याचा पूल ओलांडून अष्टमीत शिरलं की डाव्या हाताच्या एका गल्लीत काही वर्षं एक प्रकार चालायचा. भरदुपारी एखादा पोरगा बंद दारासमोर उभा राहून घसा फोडून ओरडायचा, "तुमचा मुलगा मेला!" आणि आजूबाजूची एक खिडकी उघडायची नाही. बायका ओट्यावर मिरच्या वाळत घालत असायच्या, त्या घालत राहायच्या. फार तर एखादी शेजारणीला म्हणायची, "नवीन पोर दिसतंय. आवाज नाय लागत त्याचा."

दाराआड आमचे सर असायचे. ते दार उघडायचे, पायजमा आणि बाह्यांचा बनियन घातलेले, केस ओले. त्यांचे केस मी कधी कोरडे पाहिले नाहीत.

"परत," ते म्हणायचे. "मोठ्यानं. आणि आत नाय यायचं. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून बोलायचं."

सर स्कूबा डायव्हिंग शिकवत. नुसतं डायव्हिंग नाही, त्यापुढचं. पर्यटकांना समुद्राखाली घेऊन जायचं आणि जेवढे नेले तेवढे वर आणायचे, हे ज्याचं काम असतं त्याला डाइव्हमास्टर म्हणतात. त्याचा कोर्स असतो, जाड पुस्तक असतं, पोहण्याच्या आणि माणूस वाचवण्याच्या परीक्षा असतात. दारातला हा तास मात्र कुठल्या पुस्तकात नव्हता. तो सरांचा स्वतःचा होता. त्यांचं म्हणणं, माणसं खाली नेणार असाल तर एखाद दिवशी कुणाच्या तरी घरी जाऊन सांगायची वेळ येणार. तेव्हा जीभ अडखळायला नको.

नियम त्यांनीच ठरवलेले. उभ्यानं सांगायचं. पहिल्याच वाक्यात सांगायचं. 'सिरियस आहे' म्हणायचं नाही, 'तुम्ही लगेच निघा' म्हणायचं नाही. आणि 'गेला' म्हणायचं नाही.

"गेला म्हटलं की आई विचारते, कुठं गेला?" सर म्हणायचे. "मग तुला दुसऱ्यांदा सांगावं लागतं. पहिल्यांदाच मेला म्हणायचं."

दाराआडून ते कधी आई व्हायचे, कधी बाप, कधी नवीन लग्न झालेली बायको. पांढऱ्या दाढीचा तो आडवा माणूस बारीक आवाजात म्हणायचा, "अरे तू त्याचा दोस्त ना? ये, ये, जेवून जा. माशाची आमटी केलीये." आणि तुम्ही हसलात की दार बंद. पुन्हा पहिल्यापासून.

एकदा त्यांची मावसबहीण न सांगता राहायला आली होती. तिचा मुलगा बहारीनला. ती आतल्या खोलीत नमाज पढत होती आणि मी बाहेरून ओरडलो. तिनं जो हंबरडा फोडला, तो गल्लीतल्या त्या न उघडणाऱ्या खिडक्या उघडायला पुरेसा होता. तिच्या मुलाला फोन लावून त्याचा आवाज ऐकवेपर्यंत ती जमिनीवर डोकं आपटत होती. त्यानंतर चाचीनं, म्हणजे सरांच्या बायकोनं, हा तास घरी घ्यायला बंदी केली. मग तो काही महिने व्हॅनच्या दारात झाला. सर व्हॅनमध्ये बसायचे, आम्ही काचेवर टकटक करायचो.

ओरडावं लागायचं ते सरांच्या कानांमुळे. ते खूप वर्षं आखातात होते, आधी तेलकंपनीच्या जहाजांखाली काम करणारे पाणबुडे, मग हौशी लोकांचे शिक्षक. एक कान पूर्ण निकामी झालेला, दुसऱ्यात थोडंफार शिरायचं. घरात नवरा-बायको पाण्याखालच्या खुणांनी बोलायचे. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला की ठीक आहे. आडवा पंजा हलवला की काहीतरी बिघडलंय. मूठ छातीला लावली की हवा संपत आलीये. रोह्याजवळच्या वरसे गावात एका लग्नात मी स्वतः पाहिलंय, बायकांच्या गर्दीतून चाचीनं लांबून छातीला मूठ लावली आणि सर हातातलं बिर्याणीचं ताट ठेवून उठले. चाचीला घरी जायचं होतं.

लोक म्हणायचे, या माणसानं आखातात काहीतरी भयंकर पाहिलं असणार, त्याच्या हातून कुणी दगावलं असणार. मलाही तसंच वाटायचं. एकदा धीर करून चाचीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काय पन झालेला नाय. पयल्यापासून असाच हाय. निकाहला काझीनं विचारलं, कबूल हाय का, तर बोलला, घाबरलोय, पन कबूल हाय."

मी वरशाचा. वडील केमिकल कंपनीत शिफ्टला. मी कोलाडला राफ्टिंगच्या होड्यांवर काम करायचो आणि मला समुद्राखालचं काम हवं होतं. माझ्याबरोबर शिकायला होता हरेश. तो पेणच्या पलीकडचा, खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. वडील लहानपणीच वारलेले. आई अजून मीठ ओढायची. हरेशच्या पायांचे तळवे मिठानं भेगाळलेले, फिन्स, म्हणजे पोहायचे रबरी पंख, घातले की त्याला झोंबायचं, पण पाण्यात आमच्यात त्याच्यासारखा कुणी नव्हता.

सराव पेणजवळच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत. डोंगराच्या कुशीत हिरवं पाणी, वरचं कोमट, खाली गेलं की अचानक बर्फासारखं. तळाला दगड फोडायच्या यंत्राचा गंजलेला सांगाडा पडलेला. आम्ही खाली घाम गाळत असायचो, म्हणजे पाण्याखाली जे काही गाळतात ते, आणि सर त्या सांगाड्यावर हाताची घडी घालून बसायचे, एसटीची वाट बघत बसल्यासारखे.

कोर्समधली सगळ्यात कठीण परीक्षा म्हणजे दोघांनी खाली बसून एकाच नळीनं आळीपाळीनं श्वास घेत एकमेकांचं सगळं सामान बदलायचं. मास्क, जॅकेट, फिन्स, सगळं. पहिल्या वेळी माझ्या नाकात पाणी गेलं, नळी हरेशच्या तोंडात होती, आणि मी सगळं सोडून वर निघालो. सरांनी घोट्याला धरून मला थांबवलं, आपली जादाची नळी माझ्या तोंडात कोंबली आणि सावकाश वर आणलं. काठावर मी ओकलो.

"घाबरलास?"

"नाय सर."

"खोटं. घाबरलो हे पयलं सांगायचं. जो सांगत नाय त्याच्याबरोबर मी पान्यात जात नाय." त्या दिवशी त्यांनी मला परत पाण्यात घेतलं नाही. मी व्हॅनमध्ये बसून राहिलो.

हरेशची भानगड वेगळी होती. तो घाबरायचाच नाही, आणि त्याला काही मागे सोडवायचं नाही. एकदा वर येताना माझा टॉर्च हातातून सुटला. आमची हवा संपत आलेली. सरांचा नियम असा, की हवेचा काटा लाल रेषेला लागला की तुमचं मत संपलं, मग काटा सांगेल ते. हरेशनं माझ्याकडे पाहिलं आणि तो उलटा होऊन खाली गेला. टॉर्च घेऊन वर आला तेव्हा दात काढून हसत होता. सरांनी त्याच्या हातातून टॉर्च घेतला आणि खाणीच्या मधोमध भिरकावला.

"पान्याखाली हिरो नसतो," ते म्हणाले. "हिरो म्हंजे ज्याला नंतर मी शोधायला जातो तो."

"टॉर्च म्हाग होता, सर," हरेश म्हणाला.

"मग तो आता माशांना वापरू दे."

दारातल्या तासाला हरेश कायम नापास. तो दारावर थाप मारायचा, आतून सर बारीक आवाजात "कोण रे?" म्हणायचे, आणि हा म्हणायचा, "चाची, चाय टाका, हरेश आयलाय." सर चिडायचे. एकदा खरंच खूप चिडले, तेव्हा हरेशच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाय जमनार मना, सर. आईस असा नाय सांगता येत."

सरांनी त्याला शेवटी पास केलं. "पुस्तकात नसलेल्या विषयात नापास कसा करणार," असं मला म्हणाले. पण सही करतानाचा त्यांचा चेहरा मी काही विसरत नाही.

आम्हा दोघांना तळकोकणात एकाच मालकाकडे काम लागलं. पर्यटकांना बोटीनं बाहेर न्यायचं, खाली फिरवून आणायचं. मालकाच्या दोन बोटी. त्या दिवशी मी किनाऱ्यावर सिलिंडर भरत होतो आणि हरेश मोठ्या बोटीवर होता. त्यानं आपली माणसं खाली नेली आणि सगळी वर आणली. बोटीवर दुसरा एक लीडर होता, त्याची माणसंही वर आली. बोटीवर डोकी मोजली तर एक कमी भरलं. परत मोजली. कमीच.

कमी असलेला माणूस पाण्यात उतरल्या उतरल्या मळमळतंय म्हणून परत फिरला होता. मालकाची छोटी बोट जवळून चालली होती, तिनं त्याला उचलून किनाऱ्यावर आणून सोडलं, आणि छोट्या बोटीच्या तांडेलानं, म्हणजे ती चालवणाऱ्यानं, हे मोठ्या बोटीवर कुणाला सांगितलं नाही. पण हे नंतर कळलं. त्या क्षणी बोटीवर एवढंच माहीत होतं की एक माणूस खाली राहिलाय.

हरेशच्या सिलिंडरचा काटा लाल रेषेच्या खाली होता. दुसरा लीडर ओरडला की थांब, नवीन सिलिंडर जोडू दे. हरेश म्हणाला, तेवढा वेळ नाय. आणि आहे त्याच सिलिंडरवर पाण्यात गेला.

बोटीवर एक माणूस कमी असल्याचं ऐकून मी जेटीवर आलो तेव्हा तो मळमळणारा माणूस बाकड्यावर बसून लिंबू-सोडा पीत होता. मी त्याला विचारलं, कुठल्या बोटीवर होता, आणि त्यानं मोठ्या बोटीचं नाव घेतलं. फोन करून बोटीवर कळवलं. तोवर उशीर झाला होता. संध्याकाळच्या आत गावच्या मच्छीमारांनी हरेशला वर आणलं.

मालक आम्हाला म्हणाला, घरी कुणी काही बोलू नका, मी त्याच्या काकाला फोन करून सिरियस म्हणून सांगितलंय, बाकीचं घरचे बघून घेतील. मी बाजूला जाऊन सरांच्या घरी फोन लावला. सरांना फोनवर ऐकू यायचं नाही, म्हणून फोन नेहमी चाची घ्यायची. मी तिला सांगितलं. पलीकडे फक्त बांगड्या वाजल्याचं ऐकू आलं, म्हणजे ती हातानं सांगत होती. मग सरांचा आवाज आला, "मेला?"

"हो," मी ओरडलो.

त्यांनी चाचीमार्फत सगळं विचारून घेतलं. काटा कुठं होता. कुणी थांबवलं का. कोण कमी होतं, तो कुठं सापडला. मी सगळं सांगितलं, लिंबू-सोड्यासकट.

पुढचं चाचीनं मला सांगितलेलं. ती दोघं व्हॅन घेऊन लगेच निघाली. खाडीकाठच्या त्या गावात हरेशच्या अंगणात माणसं जमलेली, सगळ्यांना कळून चुकलेलं, फक्त आईला माहीत नव्हतं. ती आत पिशवी भरत होती. दवाखान्यात लागतील म्हणून पोराचे कपडे, चादर, पेला. काकानं सरांना वाटेतच अडवलं. "आता नाय. हलूहलू सांगू तिला." सर त्याला बाजूला सारून उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले, आणि आईचं बोलणं पोचवायला चाची त्यांच्या बऱ्या कानाशी.

"तुमचा हरेश मेला," ते म्हणाले. "आज दुपारी, दर्यात."

ती म्हणाली, "नाय ओ. दवाखान्यात नेलाय त्याला."

"नाय नेला. मेला."

काकानं सरांची कॉलर धरली. कुणीतरी मागून पाठीत मारलं. सर हलले नाहीत. आईनंच सगळ्यांना थांबवलं. हातातला पेला तिनं तसाच धरून ठेवलेला. "तुमी कोन?"

"मी शिकवला त्याला."

"कसा मेला?"

सरांनी सांगितलं. तो एकदा सुखरूप वर आला होता. मग एक माणूस खाली राहिला म्हणून परत गेला. हवा कमी होती. जायला नको होतं, तसं मी शिकवलं होतं, पण गेला.

मग आईनं विचारलं, "तो मानूस गावला?"

चाची म्हणाली, "तेव्हा यांनी माझ्याकडं बघितलं नाय." सर म्हणाले, "गावला. जिवंत हाय."

ती मटकन खाली बसली आणि मग रडू लागली. जमलेल्या बायका पुढे झाल्या.

शब्दाशब्दानं पाहिलं तर ते खरं होतं. माणूस सापडला होता, जिवंत होता. पण त्या एका वाक्यानं जे झालं ते कुणाला आवरता आलं नाही. गावानं नाक्यावर हरेशचा फोटो लावून मोठा फ्लेक्स उभारला, स्वतःचा जीव देऊन दुसऱ्याचा जीव वाचवणारा वीर म्हणून. तेराव्याच्या कार्याला सर गेले, मीही गेलो. तिथं आईनं सरांचा हात धरला. "त्या मानसाला एकदा हिकडं आना. काय बोलनार नाय मी त्याला. जेवू घालीन. माज्या पोरानं ज्याला वाचवला, तो मना बघायचाय."

सरांना हे ऐकू आलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते तिलाही कळलं नसेल.

त्यानंतर ती दर काही दिवसांनी कुणाला तरी फोन करायला लावायची. चाची फोन घ्यायची आणि सरांकडे बघायची. सर पंजा आडवा करून हलवायचे. शेवटी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, त्या माणसाचा नंबर मिळव. मी मिळवला. मीच बोललो, सर समोर बसून माझ्या ओठांकडे बघत होते. तो माणूस पुण्याकडचा, नोकरदार. आपल्याला शोधायला जाऊन कुणी मेलं हे त्याला माहीतच नव्हतं. मालकानं त्याला संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं होतं. तो म्हणाला, "अहो, पण मी तर किनाऱ्यावरच होतो. मला वेळेत कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना." मी त्याला पेणला येणार का, ते विचारलं. "काय म्हणून येऊ? काय म्हणून जेवू त्यांच्याकडे? मला यात ओढू नका, प्लीज." त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. त्याचं काय चुकलं, हे मला अजून सांगता येत नाही.

मी सरांना सांगितलं, तो नाही येणार. ते उठले, व्हॅनची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल."

उन्हाळा लागला होता, मिठागरं चालू होती. आई घरी नव्हती, कामावर होती. आम्ही चपला हातात घेऊन बांधावरून चालत गेलो. ऊन पाण्यावरून उलटं डोळ्यांत येत होतं. बायका लांब दांड्याच्या फळ्यांनी मीठ काठाला ओढत होत्या. ती आम्हाला पाहून ताठ उभी राहिली. आमच्या मागे अजून कुणी येतंय का, ते तिनं पाहिलं.

सर बांधावर थांबले. त्यांना आपला आवाज कळत नाही, त्यामुळे तो सगळ्या मिठागराला ऐकू गेला. "मी तुम्हाला अर्धं सांगितलं होतं. खाली कोनीच राहिलं नव्हतं. तो मानूस किनाऱ्यावर होता. दुसऱ्या बोटीनं आनला होता त्याला, ते कोनी कळवलं नाय. हरेश ज्याला शोधायला गेला, तो तिथं नव्हताच."

फळ्या थांबल्या. ती मिठाकडे बघत काहीतरी म्हणाली, अगदी हळू.

सर माझ्याकडे वळले. "काय बोलली?"

मी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

"काय बोलली, सांग."

मी त्यांच्या कानाशी गेलो. त्यांना ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागलं, आणि ते तिच्यासमोर, सगळ्या बायकांसमोर ओरडावं लागलं. "त्या म्हणतात, तुम्ही माझा पोर दोनदा मारला."

सरांनी मान हलवली. "बरोबर," ते म्हणाले.

ती पुन्हा मीठ ओढू लागली. आम्ही तिथंच उभे होतो. शेवटी एक म्हातारी आमच्याजवळ येऊन म्हणाली, "जा आता तुमी. तिला काम करू द्या."

त्यानंतर सरांनी कुणाला शिकवलं नाही. मागच्या अंगणातला सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर विकून टाकला. खाणीभोवती कुणी तारेचं कुंपण घातलं, ते का घातलं हे विचारायलाही ते गेले नाहीत. नाक्यावरचा फ्लेक्स गावानं काढला नाही, तो वाऱ्यानं फाटेपर्यंत राहिला. आईनं पुढे सरांना फोन केला नाही. मी आजही हेच काम करतो. माणसं खाली नेतो, वर आणतो, मोजतो. सर आता पूर्ण बहिरे झालेत आणि गेलो की मला ओळखतात, खुणेनं बस म्हणतात, पण आमच्यात बोलण्यासारखं फार उरलेलं नाही.

जे बोलायचं होतं ते त्या दिवशी परत येतानाच झालं. नागोठणं मागे टाकलं आणि खांब गावात चहाला थांबलो. टपरीवर ट्रकवाले होते, रेडिओ चालू होता. मला त्यांचं वाईट वाटत होतं, म्हणून मी त्यांच्या बऱ्या कानाशी वाकून म्हटलं, "सर, पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं तर तिला झेपलं नसतं."

त्यांनी ग्लास बाकड्यावर ठेवला. नेहमी ओरडून बोलणारा तो माणूस इतकं हळू बोलला की मलाच पुढे वाकावं लागलं.

"तिला झेपलं असतं," ते म्हणाले. "तिनं मेला हे ऐकून घेतलं होतं. मला नाय झेपलं."